रुळांखालची मोरी

दादा, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या कुणीतरी तुझ्या छोट्या रेल्वेच्या भरावावर चहाचे कप ठेवले. कागदी कप, तळाशी चहा उरलेले. आतल्या खोलीत एवढं मोठं टेबल, त्यावर माती, रूळ, झाडं, स्टेशन, आणि त्या शहाण्याला ती कप ठेवायची जागा वाटली. मी अशी किंचाळले की बाहेर चाललेली बुद्धवंदना क्षणभर अडखळली. रेखावहिनीनं माझा दंड धरून मला भिंतीशी नेलं आणि म्हणाली, "सुजाता, आज तरी." आज तरी काय? ओरडायचं काम तुझं होतं. तू नव्हतास म्हणून मला करावं लागलं.

वर एकानं विचारलं, "छंद होता का हो त्यांना?" छंद! लोक तिकिटं जमवतात तो छंद. भाईंदरच्या इंद्रलोकातल्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूड ठोकायचं, बायकोला वर्षानुवर्षं हॉलमध्ये गादी घालायला लावायची आणि मराठवाड्यातलं आपलं स्टेशन सत्त्याऐंशी पट लहान करून बांधत बसायचं, याला छंद म्हणतात? मी त्याला म्हटलं, "छंद नाही, राग होता तो." त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि जेवायला गेला.

रविवारी पुण्याचा एक माणूस टेम्पो घेऊन येणार आहे. छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन चालवतो. टेबल तुकड्यांत सोडवून नेणार, तिकडे पुन्हा जोडणार आणि वर काच बसवणार. वहिनीनं हो म्हटलंय. तिला तिची खोली परत मिळेल. तिच्या जागी मी असते ना, तर तुलाच त्या प्लायवूडवर झोपवलं असतं. ते जाऊ दे. पण एकदा काच बसली की त्या भरावाला कुणी हात लावू शकणार नाही. म्हणजे आपलं भांडण कायमचं तुझ्या बाजूनं निकाली. तू अर्ध्यातून निघून गेलास आणि वर जिंकलासही, असं मी होऊ देईन असं वाटलं का तुला?

भांडण एकाच गोष्टीचं होतं. रुळांखाली मोरी हवी, असं मी म्हणत होते. भरावातून आरपार जाणारी, माणूस वाकून पलीकडे निघेल एवढी. आणि तू म्हणत होतास, गावात तिथे मोरी नव्हती, खोटं मी बांधणार नाही.

त्या दिवसाबद्दल आपण सलग कधी बोललोच नाही. तुकड्यातुकड्यानं भांडलो फक्त. आज मी सलग सांगते, तुला मधे बोलता येणार नाही.

बाबा मुंबईत गोदीत कामाला होते. गावात माय, तू आणि मी. त्या वर्षी आपल्या लोकांनी जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच चावडीवरून नेली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत वरच्या आळीची माणसं काठ्या आणि रॉकेलचे डबे घेऊन बौद्धवाड्यात शिरली. पहिलं घर पेटलं तेव्हा माय भाकरी थापत होती. तिनं मला उचलून तुझ्या खांद्यावर टाकलं. "पळा लेकरांनो, ठेसनाकडं पळा, म्या आलेच." तू पळालास. ढेकळं, काटे, अनवाणी पाय. भराव चढलास, रूळ ओलांडलेस, पलीकडच्या उताराला लागलास. मागे बघितलं तर माय वळली होती. गोठ्याला आग लागत होती आणि शेळी आत बांधलेली होती. शेळीसाठी, दादा! मला आजही त्या शेळीचा राग येतो. शेळी सोडून माय भरावाकडे धावली, आणि तेवढ्यात मालगाडी आली.

लांबच लांब गाडी. हळू चाललेली, पण थांबत नाही. माय त्या बाजूला, आपण या बाजूला. सिग्नलच्या केबिनमधल्या रेल्वेवाल्यानं आपल्याला पाहिलं, धावत येऊन ओढत नेलं आणि आत घालून दार लावलं. गाडी निघून गेली तेव्हा ती माणसं भरावावर उभी होती. केबिनपर्यंत यायची त्यांची हिंमत झाली नाही. माय भरावाच्या पायथ्याशी पडली होती. काठ्यांनी मारलं तिला. गाडीचे डबे जातायत, जातायत, आणि पलीकडे मारतायत.

तू म्हणायचास, ती गाडी आली म्हणून आपण वाचलो. मी म्हणायचे, ती गाडी आली म्हणून माय मेली. दोन्ही खरं होतं, म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं.

पुढे कोर्टात सगळे सुटले. मधे गाडी होती, त्यामुळे पलीकडे कोणी कोणाला मारलं हे पाहणारा साक्षीदार नाही, असं ठरलं. मी पाहिलं होतं. रेल्वेवाला आपल्याला ओढून नेत होता तरी मी तुझ्या खांद्यावरून मान वळवून चाकांच्या मधून पाहत होते. मायचे पाय दिसत होते, आणि तिच्याभोवती दुसरे पाय. चाकांच्या मधून पायच दिसतात, तोंडं दिसत नाहीत. पायांवरून कुणाला शिक्षा होत नाही. तुला विचारलं की तू म्हणायचास, "म्या काय पाहिलं न्हाई." एरवी आयुष्यभर मुंबईची मराठी बोलणारा तू, हे एक वाक्य मात्र गावच्या भाषेत बोलायचास.

आता तुझ्या धंद्याचं. भाईंदर आणि मिरा रोडच्या किती बिल्डरांच्या ऑफिसात तुझी मॉडेलं काचेखाली होती! चकचकीत टॉवर, निळा स्विमिंग पूल, पाण्याशेजारी छत्र्या. त्यात तू माणसं लावायचास. फुगेवाली पोरं, कुत्रा फिरवणारी बाई, एकमेकांचा हात धरलेले म्हातारा-म्हातारी. मी एकदा म्हटलं, "घरच्या रेल्वेवर एक माणूस नाही, आणि तिकडे जत्रा भरवतोस." तू म्हणालास, "तिकडे फ्लॅट विकायचे असतात, सुजे. माणूस दिसला की गिऱ्हाईक फसतं." आणि असा हसलास की मला तुझ्या दातांवर काहीतरी मारावंसं वाटलं.

घरची रेल्वे मात्र तू फसवायला बांधत नव्हतास. लाकडी फासळ्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, त्यावर गोंदात भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्यावर प्लास्टर. साइटवरून आणलेली दगडाची कच चाळून चाळून रुळांखालची खडी. वापरलेली चहापावडर गॅलरीत वाळवून केलेली माती. फ्यूजच्या तारा पिळून केलेला कडुनिंब, आणि त्याचा पाला म्हणजे हिरवा स्पंज, वहिनीच्या मिक्सरमध्ये दळलेला. त्या मिक्सरमधल्या खोबऱ्याच्या चटणीत मी स्वतः हिरवा स्पंज खाल्लाय. वहिनी म्हणाली, "खा, पालेभाजी समजून." स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर तू गावाचं नाव लिहिलं नाहीस. विचारलं तर म्हणालास, "नाव लिहिलं की लोक म्हणतात, अच्छा, हे तिकडे झालं होय." ते मला पटलं. तुझं पटलेलं मी तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतेय.

आणि ती घरं. बौद्धवाड्याची घरं तू आधी नीट बांधायचास. भिंती सारवल्यासारख्या, छपराला धाटं, आत फळी, फळीवर मोहरीएवढी भांडी. कुणाला दिसणार होती ती भांडी? मग घर पुरतं वाळलं की गॅलरीत न्यायचंस आणि जाळायचंस. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं आधी छपराची कड, मग काडी. मी म्हटलं, "अरे, काळा रंग मार की! एवढं बांधून कशाला जाळायचं?" तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. "जळकं घर बांधता येत नाही, सुजे. घर बांधावं लागतं आणि मग जाळावं लागतं." एकदा शेजारचे शाहभाई वास आला म्हणून दार वाजवत आले. "भाई, कुछ जल रहा है क्या?" तू दारात जाऊन शांतपणे म्हणालास, "हाँ, हमारा घर." बिचारा खाली जाऊन सेक्रेटरीला घेऊन आला.

एकदा असंच घर जाळून झाल्यावर तू चिडून कडुनिंबच उपटून भिंतीवर फेकलास आणि मग दोन्ही हातांनी छातीवर गुद्दे मारत बसलास. मी तुझे हात धरले नाहीत. बरं वाटलं मला. मला वाटायचं, या घरात निदान कुणीतरी कुणालातरी मारतंय, बाहेर तर सगळे सुटलेत.

सगळं झाल्यावर तू मालगाडी चालवायला लागलास. तपकिरी डबे, एकामागून एक, हळू. भरावावरून ती गाडी जाताना तुझा चेहरा मऊ व्हायचा. मला ते सहनच व्हायचं नाही. सिल्व्हर पार्कच्या माझ्या घरून रिक्षा करून यायचे ती काय तुझा मऊ चेहरा बघायला? एकदा मी हात घालून चालती गाडी उलथून टाकली. तू माझं मनगट पिरगाळलंस. मी प्लास्टरचं घमेलं उचलून तुझ्या कपाळावर हाणलं. टाके पडले. मला त्याचं अजून वाईट वाटत नाही, माझं मनगटही दुखलं होतं. डॉक्टरकडे नेताना रिक्षात वहिनी मधे बसली होती, एका हातानं तुझं कपाळ दाबून, दुसऱ्यानं मला मागे ढकलून. "एक दिवस तुम्ही दोघं एकमेकांना संपवाल," ती म्हणाली, "आणि मी पोलिसांना काय सांगू? खेळातल्या रेल्वेवरून?" तू रक्त पुसत म्हणालास, "खेळातली नाही." आणि मीही त्याच वेळी म्हटलं, "खेळातली नाही."

त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी टेबलाच्या कडेशी गुडघे टेकून बसले. डोळे रुळांच्या पातळीला आणले. तू गाडी सोडलीस आणि मला चाकांच्या मधून पलीकडचं दिसायला लागलं. वस्ती, जळकी घरं, पायथ्याची मोकळी जागा. तू तिथे गवत लावलं नव्हतंस. बाकी सगळीकडे गवत होतं, तेवढीच जागा उघडी. तू कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणालास, "सुजे, ऊठ तिथून." मी म्हटलं, "काय दिसतं इथून, सांग." "ऊठ म्हणतो ना." दंडाला धरून तू मला उभं केलंस. तुझे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा मला कळलं, तूही पाहिलं होतंस. त्या वयात मला खांद्यावर घेऊन पळताना तूही मान वळवली होतीस. एवढी वर्षं तू खोटं बोललास, का, तर मला वाटावं की मीच काहीतरी चुकीचं पाहिलं असेल, स्वप्न असेल. तू मला वाचवायला बघत होतास, मूर्खा. आणि मी समजत होते की मी एकटीच आहे.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा म्हटलं, "इथे मोरी कर." तू म्हणालास, "नव्हती." मी म्हटलं, "असू दे की. भराव तुझा, प्लास्टर तुझं, कुणाच्या बापाचं काय जातंय? एक भोक पाड. माय वाकून येईल पलीकडे." तू म्हणालास, "नव्हती म्हणतो ना. मी बघून आलोय."

बघून आलोय! तेव्हा बाहेर पडलं की तू मला न सांगता गावाला जाऊन आला होतास. टेप घेऊन. सर्वेवाला म्हणून भराव मोजत फिरलास. वरच्या आळीतल्या एका माणसानं तुला ओसरीवर बसवून चहा पाजला, पोरांना नोकरी लागेल का विचारलं. तू तो चहा प्यायलास. मी तुझी कॉलर धरली. "त्यांचा चहा प्यायलास? त्यांचा?" तू म्हणालास, "कप माझ्या हातात होता आणि मी त्याच्या पायांकडे बघत होतो. वय जुळत होतं. पाय ओळखता येत नाहीत, सुजे. लई बघितलं. ओळखता येत नाहीत." मी कॉलर सोडली.

परवा तुझ्या खोलीत बसले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भरावाची उंची घ्यायला तेवढ्या लांब जायची गरज नव्हती. ती काय, अंदाजे करता आली असती. तू मोरी शोधायलाच गेला होतास. आपण लहान होतो, दिसली नसेल, झुडपात असेल, असं तुलाही वाटलं होतं. संपूर्ण भराव धुंडाळलास, आणि नव्हती. माझ्याशी भांडायच्या आधी तू स्वतःशी भांडून हरला होतास. मग ते मला सरळ का नाही सांगितलंस? एवढं एक वाक्य. एवढं भांडत बसण्यापेक्षा स्वस्त पडलं असतं.

तुझा शेवटचा फोन आला तो असा. "सुजे, रविवारी ये, पायथ्याला गवत लावून टाकू." मी म्हटलं, "मोरी करणार असशील तर येते." तू फोन आपटलास. नंतर बिल्डिंगच्या खाली लिफ्टची वाट बघत बघत गेलास. लिफ्टची वाट बघत! एवढा आडदांड माणूस, घमेल्यानं मेला नाहीस, आणि पिशवीत दूध घेऊन उभा असताना गेलास. मला तुझ्या प्रेताला हलवून विचारायचं होतं की हे काय. वॉचमन मला धरून होता.

तर आता ऐक. आज शनिवार. मी सकाळी आले, वहिनीला म्हटलं, "मला त्याची बारीक करवत दे." तिनं दिली. विचारलंही नाही. तुझ्या स्टुलावर बसले आणि भरावात करवत घातली.

तू घट्ट बांधला होतास, मेल्या. प्लास्टर कापलं, कागद फाडला, जाळी कात्रीनं तोडली. बोटं रक्तबंबाळ झाली. त्या जाळीच्या प्रत्येक तारेला मी तुला शिव्या घातल्या, मोठ्यानं, गावच्या भाषेत, ज्या मायनं कधी दिल्या नसत्या. वहिनी दारात उभी राहून रडत होती आणि मधेच म्हणाली, "जरा हळू गं, रूळ बसतील खाली." बसले असते. म्हणून आइस्क्रीमच्या काड्या जोडून वर टेकू दिला, तू शिकवला होतास तसा. चिंधीनं धूळ पुसली. आरपार भोक पडलं. वाकून बघितलं तर पलीकडे जळकी घरं दिसत होती. मग मी मालगाडी सोडली. पहिल्यांदा माझ्या हातानं. ती मोरीवरून गेली, हळू, सगळे डबे, एकही घसरला नाही.

गाडी वरून जात असताना मी मोरीतून बघत होते, आणि तेव्हा मला कळलं, तू का नाही म्हणत होतास. मोरीतून माय येईल. पण मोरी काय एकट्या मायला असते? तिच्यामागे तेही येतील. काठ्या घेऊन. गाडी वरून जात राहील आणि ते खालून येतील, केबिनचं दार लागायच्या आत. मोरी असती तर कदाचित माय वाचली असती, पण मी वाचले नसते. दर वेळी मी मोरी मागितली की तुझ्यापुढे ती दोन पारडी यायची, माय की ही. आणि दर वेळी तू भराव बंद ठेवलास. एवढं लहान पोरगं, ते आयुष्यभर दर वेळी मला निवडत राहिलं, आणि मला ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला मायचा मोबदला झाल्यासारखं वाटलं असतं. मी घमेलं हाणत राहिले आणि तू मला निवडत राहिलास.

दादा, मी खूप रडले. आता वहिनी भाजी चिरतेय आणि मी तुझ्या स्टुलावर बसून हे लिहितेय. तुझे उपकार म्हणून मोरी बुजवेन असं समजू नकोस. ती उघडीच पुण्याला जाणार. त्या माणसानं विचारलं, ही खरी होती का, तर सांगेन, नव्हती, आम्ही कोरली.

माय येऊ दे. तिच्यामागे त्यांनाही यायचं असेल तर येऊ दे. तेव्हा या बाजूला एक लेकरू होतं, अनवाणी, खांद्यावर दुसरं लेकरू घेतलेलं. आता या बाजूला मी आहे.